शाबूत डबी

डबी अगदी शाबूत होती, आणि त्यातच काहीतरी गोम होती. टाकीवरच्या सेन्सरची वायर पंपघरात शिरते तिथे ही बोटाएवढी डबी बसवलेली. आभाळात वीज कडाडली की वायरीतून जो लोंढा येतो, तो तिने जमिनीत सोडायचा आणि पुढचं नाजूक कार्ड वाचवायचं. वर्षभरात तीन कार्डं जळाली. डबीला मात्र ओरखडा नाही. चोरांनी घर धुऊन न्यावं आणि राखणदाराची झोपही मोडू नये, हे काही दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञ बाईच्या पचनी पडेना.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांना असले प्रश्न पडत नव्हते. तिन्ही वेळा ड्यूटीवर पंपवाले काकाच होते, तेव्हा त्यांनीच काहीतरी उचापती केल्या, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. तिच्या आजच्या अहवालात ‘जबाबदार कोण’ या रकान्यात नाव भरलं की काकांना पंपावरून काढणार होते. हे काकांनाही ठाऊक होतं. तरी बिचारे तिच्यासाठी टॉर्च धरून उभे होते.

तिने डबीची हिरवी वायर चिमटीत धरली आणि तिच्या मागे मागे गेली. कपाटामागून, खिडकीखालून, थेट कोपऱ्यातल्या पाण्याच्या निळ्या पाइपापर्यंत. तिथे ती धातूच्या पट्ट्याने आवळलेली होती. पट्ट्याच्या स्क्रूवर लाल टेपचे दोन वेढे होते. स्क्रूवर टेप गुंडाळायची खोड तिची. सहा वर्षांपूर्वी वायर चार हात कमी पडली, म्हणून पॅनेलच्या अर्थिंगऐवजी तिने जवळच्या लोखंडी पाइपावर वेळ मारून नेली होती.

पण पाइप लोखंडी असता तर लोंढा जमिनीत गेला असता. तिने नखाने रंग खरवडला. खालून पांढरं प्लास्टिक निघालं.

काकांचा चेहरा खुलला. जुना पाइप गंजला होता, दोन वर्षं अर्जांवर अर्ज करून गेल्या साली आपणच तो बदलून घेतला, असं ते कौतुकाने सांगू लागले. प्लंबर तर पट्टा फेकायलाच निघाला होता. काकांनी तो जसा होता तसा परत लावून घेतला, रंगही तोच दिला.

मग तिने त्यांना सांगितलं की प्लास्टिकमधून वीज पुढे जात नाही.

“म्हणजे मीच जाळली की तिन्ही,” ते म्हणाले. “टाका माझं नाव. स्वच्छ पाणी आलं तेव्हा शाबासकीही मीच घेतली होती.”

तिला फार लाज वाटली. पट्टा काढून पिशवीत टाकला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“काका,” ती म्हणाली, “मुळात या पाइपाला वायर बांधली कुणी, ते विचारा की.”

तिने रकाना भरला आणि कागद त्यांच्यापुढे धरला. काकांनी नाव दोनदा वाचलं. मग कोपऱ्यातलं स्टूल पुसून तिच्याकडे सरकवलं.

“बसा ताई. आता वायर कुठून न्यायची ते सांगा. दुसरं टोक मी धरतो.”