बिनआवाजाचा एसी

खट्.

भांडण दम खायला थांबलं होतं, त्या शांततेत खिडकीची कडी वाजली. वाऱ्यानं असेल, झडप उघडली. पडद्यामागे स्टुलावर बाहुलीला घेऊन बसलेली ठकी दचकलीसुद्धा नाही.

"नळवाल्याला फोन तू करणार होतास," ठकीची आई म्हणाली.

"आणि 'राहू दे, मी करते' कोण म्हणालं?" नवरा म्हणाला.

"ते रागानं म्हटलं होतं. रागानं म्हटलेलं ऐकायचं नसतं, एवढंही कळत नाही?"

बेल वाजली. दारात शेजारच्या काकू.

"अगं, जरा पक्कड देतेस?"

महिन्याभरातली ही पाचवी वेळ. काकू पक्कड मागायला यायच्या, मग पाणी मागायच्या, मग गुडघ्यांचं नाव सांगून खुर्चीत टेकायच्या. त्याला विचारायच्या, ऑफिस काय म्हणतंय. तिला विचारायच्या, ठकीचा खोकला गेला का. चार माणसांसारखं बोलणं भाग पडायचं. काकू उठेपर्यंत भांडणाचं पार गार पाणी झालेलं असायचं.

आजही झालं. काकू पक्कड घेऊन गेल्या.

"काका जन्मभर फिटर होते," नवरा म्हणाला. "त्यांच्या घरात पक्कड नाही?"

"पक्कड कसली घेऊन बसलास. कान लावून बसलेल्या असतात. त्यांचं स्वयंपाकघर आपल्या खिडकीसमोर, आणि ही मेली कडी कितीदा लावली तरी उघडते." तिनं खिडकी धाडकन लावली. "आपण एसी घेऊ. दारं-खिडक्या गच्च बंद. मला माझ्या घरात एकदा तरी पोटभर भांडायचंय."

"मलाही," नवरा म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

दुकानात विक्रेत्यानं खोलीची लांबी-रुंदी विचारली, ऊन कुठल्या बाजूचं ते विचारलं. मग टन सांगितले, तारे सांगितले, तांब्याची कॉइल सांगितली. नवऱ्याला मोबाइलवरून चालू होणारा हवा होता.

"उठून दिवा बंद करत नाही हा माणूस," ती विक्रेत्याला म्हणाली. तिचा स्वतःचा प्रश्न एकच होता. "खिडकी पूर्ण बंद ठेवावी लागते ना?"

विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक कचरतंय. "तसं काही नाही ताई, थोडी फट राहिली तरी..."

"बंदच ठेवावी लागते ना?"

"हो. म्हणजे, ठेवावीच." मग त्यानं हुकमाचा पत्ता टाकला. "याचा आवाज अजिबात नाही. खिडकी बंद केलीत की बाहेरचा आवाजही आत येणार नाही."

"आणि आतला बाहेर?"

वीस वर्षांच्या धंद्यात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि पावती फाडली.

एसी बसवायला आलेल्या मेकॅनिकनं खिडकीला चारी बाजूंनी फोमची पट्टी चिकटवली.

"कडीलाही स्क्रू मारून टाका," ती म्हणाली. "ढिली आहे. आपोआप उघडते."

त्यानं कडी दोनदा हलवून पाहिली. "ढिली कुठंय ताई? हातानं उचलल्याशिवाय नाही उघडायची ही." तरी स्क्रू मारला. त्याचं काय जातंय. ठकी स्टुलावरून टक लावून बघत राहिली.

रविवारी दुपारी एसी सुरू झाला. पाच मिनिटं तिघांची मोठ्या सुखात गेली. मग नवऱ्यानं आकडा सोळावर नेला.

"सव्वीसवर ठेव. पोरीला सर्दी होईल."

"सव्वीसच करायचे तर पंखा काय वाईट होता?"

सुरुवात झकास झाली. खिडकी बंद, कुणाचा कान नाही, कुणाचा धाक नाही. एसीवरून भांडण नळावर आलं, नळावरून त्याच्या आईवर, तिथून तिच्या भावाच्या लग्नात गेलं. एरवी या वळणावर बेल वाजायची. दोघंही नकळत थांबली. दोघांनी दाराकडे पाहिलं.

बेल वाजली नाही. भांडण पुढे निघालं, आणि पुढचा रस्ता दोघांनाही अनोळखी होता. सहा वर्षांत त्यांचं एकही भांडण शेवटाला गेलं नव्हतं. शेवट कसा करतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुझ्याशी लग्न करून मी..." तो म्हणाला आणि अडकला.

"बोल ना. पुरं कर," ती म्हणाली. त्यानं वाक्य पुरं केलं, तर ते परत घेता येणार नव्हतं. तिला ते कळत होतं. त्यालाही कळत असावं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

एसीचा खरोखरच आवाज नव्हता. म्हणून तर पडद्यामागची खरखर ऐकू आली.

तिनं पडदा सारला. ठकी स्टुलावर टाचा उंचावून उभी होती. फोमची पट्टी नखांनी ओरबाडून निम्मी सोललेली. दोन्ही हात कडीला लोंबकळलेले.

"आई, ही उघडतच नाही," ठकी रडवेली होऊन म्हणाली. "आता काकूंना कसं बोलवायचं?"