‘जे’ची चौकशी

माऊसला कुणी हात लावला नव्हता, तरी पडद्यावरचा बाण हलायला लागला. सोनमने दोन्ही हात मांडीवर घेतले. पुण्याच्या ऑफिसातून जयराज नावाच्या माणसाने तिच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला होता. हेडफोनमधून त्याचा आवाज येत होता, गोड आणि जराही घाई नसलेला. असल्या आवाजाच्या माणसांचीच जास्त भीती वाटते.

"मॅडम, दोन ते पावणेतीन. विम्याच्या अर्जात पत्त्याच्या रकान्यात नुसता ‘जे’. पानंच्या पानं भरलीत. हे कसं झालं?"

"आपोआप झालं सर. मी एकदाच दाबलं होतं."

दारात सासू उभी होती, तानुबाई. तिने तोंडाला पदर लावला.

सोनमच्या अंगात सकाळपासून ताप होता. जेवण झाल्यावर तिने टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच. पाच मिनिटं एकही बटण दाबलं गेलं नाही, की पुण्यातलं मशीन माणूस गैरहजर धरतं. महिन्यात तीनदा धरलं की नोकरी गेली. सोनमला दोनदा धरलेलं होतं. एवढं तानुबाईला ठाऊक होतं. तिने सुनेला उठवलं नाही. स्टूल ओढून शेजारी बसली, अधू नजरेमुळे बोटाला खरखरीत लागलेलं एकच बटण धरलं आणि पाऊण तास दाबत राहिली. इतक्या वर्षांत तिने सुनेचं कौतुक म्हणून केलं नव्हतं. सगळं त्या पाऊण तासात उरकलं म्हणायचं. सोनम जागी होऊन खोडेपर्यंत तक्रार वर पोचली होती.

जयराजने एकेक बघायला घेतलं.

"‘जे’ दाबा." एकच उमटला. "परत." परत एकच. ज्यावर तिचं काम चालायचं ते पुण्याचं मशीन बाजूला ठेवून नुसत्या तिच्या लॅपटॉपवर दाबून बघितलं, तिथंही एकच. बटण दाबून धरलं तर अक्षर किती वेळाने पुन्हा उमटतं, ती सेटिंगही जागच्या जागी होती.

"कधी काय होतं मॅडम, तुम्ही बटण दाबल्याचं इकडे कळतं आणि सोडल्याचं उशिरा कळतं. तेवढा वेळ मशीनला वाटतं, बोट तिथंच आहे."

"तसंच झालं असेल सर," सोनम घाईने म्हणाली.

"बघू."

कोरेगावपासून आत असलेल्या सोनमच्या वस्तीवर एरवी झाडाखाली गेल्याशिवाय फोन लागत नाही, पण त्या दिवशी नेट मेलं चोख चाललं होतं. एकेक वस्तू निर्दोष सुटत होती आणि पिंजऱ्यात सोनम एकटी उरत होती.

"मॅडम, मशीन अडकलं तर एका चालीत छापतं. हे मागंपुढं आहे. मधे चार मिनिटं तर काहीच नाही."

त्या चार मिनिटांत तानुबाई परड्यात शिरलेली शेळी हाकलून आली होती.

"आणि ‘जे’वर बारीक उंचवटा असतो. न बघता बोटाला सापडतो." जयराजने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"सासूबाई. मिस्टर आर्मीत आहेत. आम्ही दोघीच."

"मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतो." त्याचा आवाज खाली आला होता. "मला कारणापुढे खूण करावी लागते. कीबोर्ड, नेटवर्क नाहीतर कर्मचारी. कीबोर्ड चांगला निघाला. नेट आत्ता चांगलं आहे, पण दुपारी कसं होतं ते मला सांगता यायचं नाही."

"नेटवर्क लिहिलं तर?"

"घरून काम बंद. सोमवारपासून पुण्याला."

"आणि कर्मचारी?"

"ते तुम्हाला माहीत आहे. काय लिहू?"

तानुबाईला गॅसची ज्योत दिसत नसे. हात पुढे नेऊन ती धग बघायची. तिला एकटं टाकायला नको म्हणून तर सोनमने घरबसल्या होणारं काम धरलं होतं. आणि ते सोडावं, तर अर्धं बांधून राहिलेलं घर तिच्याच पगारावर पुढे सरकत होतं.

"काय म्हणतोय गं त्यो?" तानुबाईला राहवलं नाही.

सोनमने माईकवर हात ठेवला. "चूक कुणाची लिवू, इचारतोय."

"माझं नाव लिव म्हणावं. माझी कुठं नोकरी जायची हाय?"

सोनमला रडू फुटलं. उठून तिच्या गळ्यात पडावं असं तिला वाटलं, पण समोर कॉलचा कॅमेरा चालू होता. पलीकडे जयराजने बहुतेक ऐकलं असावं. बाण तीन चौकोनांच्या वर नुसता थांबून होता.

तिने माईकवरचा हात काढला. "नेटवर्क लिहा सर."

बाणाने खूण केली. "सॉरी मॅडम," म्हणून जयराज निघून गेला आणि माऊस पुन्हा तिच्या ताब्यात आला.

"मिटलं?" तानुबाई जवळ आली.

"मिटलं, आत्या."

"कुणाची निघाली चूक?"

"नेटवर्कची."

तानुबाईने मोठा सुस्कारा सोडला. सुनेच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि पदरानेच तिचे डोळे पुसले.

"मग रडतीस कशापायी? आपल्या घरातलं तर कुणी गेलं न्हाई न्हवं?"