कोरी बाजू

"एकशे अडतीस!" शिपाईमामांनी दारातून हाक दिली आणि सिस्टरने मान वर न करता पुढचा हात धरला. ताप, नाडी, नोंद, गोळ्या. की पुन्हा तेच. साथ सुरू होऊन सव्वीस दिवस झाले होते. आरोग्य केंद्रात नर्स तीन. दोघी तापाने घरी झोपलेल्या, तिसरी ही. काल ती एका आजोबांवर उगाचच खेकसली. बिचारे हातातला नंबर खिशात घालून, तपासून न घेताच निघून गेले. तेव्हाच तिने ठरवलं, आता बास. आज सकाळी तिने राजीनामा लिहिला आणि टेबलावर पेपरवेटखाली ठेवला. पाच वाजता तो डॉक्टरांच्या हातात द्यायचा आणि सुटायचं.

रांगेचे छापील नंबर कधीच संपले होते. मामा एका बाजूने कोरे कागद हुडकून त्यांच्या चिठ्ठ्या कापत. परवा तर 'कर्मचाऱ्यांनी पुरेशी विश्रांती घ्यावी' या परिपत्रकाच्याच चिठ्ठ्या झाल्या होत्या. त्या दिवशी ती पोट धरून हसली होती. आज हसायचंही त्राण नव्हतं.

एकशे चाळिसावी बाई शेवटची. औषध घेऊन तिने आपली चिठ्ठी टेबलावर ठेवली, ती नेमकी उलटी पडली. मागे सिस्टरचंच अक्षर होतं: 'सेवेतून मुक्त'.

तिने पेपरवेट उचलला. खाली काहीच नव्हतं.

"मामा! माझा अर्ज कापलात? निदान वाचायचा तरी!"

मामांनी शांतपणे चष्मा पुसला. "वाचूनच कापला, सिस्टर."

रागाने तिचे कान तापले. अर्ज जुळवायचाच म्हणून तिने, औषध घेऊन झालेल्यांच्या चिठ्ठ्या ज्यात जमा होत, तो डबा टेबलावर ओतला आणि त्या क्रमाने लावत सुटली. एक ते एकशे चाळीस, एकही कमी नाही. म्हणजे आज रांगेतलं एकही माणूस तसंच परत गेलं नव्हतं. हे सगळं आपण एकटीने केलं, हे आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं. तिचा ऊर भरून आला. स्वतःचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

आवाज ऐकून डॉक्टर आले. टेबलावरचा पसारा पाहून काय ते समजले. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "परत लिहा. मी अडवणार नाही."

सिस्टरने कात्री मागितली. कागदाचे दोन भाग केले. एकावर लिहिलं, 'उद्याच्या उद्या दोन नर्स पाठवा,' आणि खाली ठसठशीत सही करून तो डॉक्टरांना दिला. दुसरा मामांपुढे सरकवला.

"हे उद्याचे नंबर. पहिला कालच्या आजोबांचा. त्यांना मी येतानाच घेऊन येते."