आधी मरण

आत्या दुपारी दीडपासून मेलेली होती आणि अजून तिच्यासाठी कुणी रडलं नव्हतं.

खाट तिची, खोली तिची, उशीचा अभ्रासुद्धा तिचाच. सिनेमा तेवढा भाच्याचा. त्या सिनेमात एक आई होती. आईचं काम करायला बाई मिळाली नव्हती. शेवट लिहून झाला नव्हता. दिवे सांगितले होते, ते आले नव्हते. पण कॅमेरावाला चारच दिवस मोकळा होता. “आधी मरण उरकून घेऊ, जगणं मागाहून बघू,” असं म्हणून भाच्याने घरात सापडलेल्या एकुलत्या एक म्हातारीला आडवं केलं. तीस वर्षं नाटकांत दारातून निरोप घेऊन येणाऱ्या बायका करत आलेल्या आत्याने मनाशी खूणगाठ बांधली : मेलेली आई ज्या तोंडाची, जिवंत आईही त्याच तोंडाची लागणार. म्हणून ती एका शब्दाने न बोलता निजली.

मुलाचं काम करणारा नट एरवी चष्म्याच्या दुकानात असायचा. तो खाटेशी गुडघे टेकून शिंक अडकल्यासारखं तोंड करत होता.

“रडू येत नाहीये. ग्लिसरीन कुठंय?”

“उद्या येतंय,” भाचा म्हणाला.

“या सिनेमात सगळं उद्याच येतंय,” आत्या डोळे न उघडता म्हणाली.

“आत्या, प्लीज! तू मेलीयेस.”

“मेले म्हणून काय, कान आहेत मला.”

कॅमेरावाला फिसकन हसला. पाचव्यांदा कॅमेरा चालू झाला, पाचव्यांदा नटाची शिंक अडकली. शेवटी आत्याच पुटपुटली, “माझ्या तोंडाकडे बघू नकोस रे. हात धर. धरलास? आता हळूच सोड.”

त्याने हात धरला. त्या हाताच्या एकेका बोटातून आत्याने जीव काढून घेतला. आधी करंगळी गेली, मग तिच्या शेजारची, मग मधलं बोट. वस्तीतले दिवे एका घरामागून एका घरात मालवत जावेत, तशी. शेवटी तळव्यातली ऊबसुद्धा तिने कुठे नेली कोण जाणे. नटाने दचकून हात सोडला. तिचा हात खाटेच्या कडेवरून खाली आला, पाखरू उडून गेलेल्या डहाळीसारखा दोनदा हलला आणि थांबला. चष्म्याच्या दुकानातला तो तिशीचा माणूस लेकरासारखा हंबरडा फोडून रडला.

‘कट’ कॅमेरावाल्यालाच म्हणावं लागलं. भाचा मोबाइलमध्ये बघत होता.

“ती हो म्हणाली!” भाचा उडालाच. “दोन दिवस देतेय!”

ती म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. मालिकेतल्या त्या प्रसिद्ध बाईंच्या नावाचा जप सगळे तीन दिवस ऐकत होते.

“म्हणजे जिवंत आई त्या,” कॅमेरावाला म्हणाला. “आणि मेलेली आई या? तोंडं जुळतात का?”

भाच्याने पहिल्यांदाच आत्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “चादर ओढू तोंडावरून. परत घेऊ. त्यात काय?”

“कॅमेऱ्याचं कार्ड भरलंय. दुसरं…” कॅमेरावाला म्हणाला.

“उद्या येतंय,” नट नाक पुसत म्हणाला.

“मग हा शॉट पुसून टाक,” भाचा म्हणाला.

आत्या उठून बसली. कॅमेरावाल्याचं बोट बटणावर अडलं. “एकदा बघा तरी, आत्या,” तो म्हणाला आणि त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला. तळहाताएवढ्या काचेत तिचं तोंड होतं. पूर ओसरल्यावरच्या काठासारखं शांत. तीस वर्षांत कुणी इतक्या जवळून ते बघितलं नव्हतं, तिनेसुद्धा. हात हलायचा थांबेपर्यंत तिने पाहिलं.

“पूस बाबा,” ती म्हणाली. “आणि खाटेवर दोन उशा ठेवा. चादरीखाली माझं काय काम?”

कॅमेरावाल्याने बटण दाबलं.

“अगं, हात लागेल ना!” भाचा तिच्यामागे मोरीपर्यंत गेला. “तू फक्त हात दे, आत्या. बाकी तू कुठेच दिसणार नाहीस.”

“हात तोंडाला जोडलेला असतो, राजा. सुटा मिळत नाही.”

तिने तोंडावरची मरणकळा साबणाने धुतली, खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्यामागे येऊन बसली. खोलीत आता रडणारा एक होता, टिपणारा एक होता आणि मोकळा फक्त दिग्दर्शक होता. त्याने घड्याळ काढलं. आत्याच्या तोंडाला लावून उरलेली पावडर केसाळ हाताला फासली आणि तो खाटेवर निजला. कॅमेरावाल्याने चादर त्याच्या डोक्यावरून ओढली, हात तेवढा बाहेर ठेवला.

नटाने हात धरला. सगळे थांबले. बराच वेळ थांबले.

“ॲक्शन!” चादर म्हणाली आणि तोंडाच्या जागी फुगली.

नटाने त्या हाताकडे पाहिलं. मग एकदम खाटेच्या कडेत तोंड खुपसलं. त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. हसू दाबता दाबता त्याचा श्वास कोंडला, घशातून चिरका आवाज निघाला. कॅमेऱ्यात त्याची फक्त पाठ दिसत होती. कॅमेरावाल्याने ओठ चावून धरला आणि शॉट चालू ठेवला. आत्याने खुर्चीत पाय वर घेऊन मांडी घातली.

“थांबवू नका,” मढं चादरीखालून भारावून म्हणालं, “अस्सल आहे हे, अस्सल!”