भर दुपारची हुडहुडी

सळयांचा गठ्ठा जमिनीपासून तीस मीटरवर लटकत असताना तिला पहिली हुडहुडी भरली.

दुपारचा एक वाजला होता. क्रेनच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काच, वर तापलेला पत्रा. अंगाला घामाच्या धारा लागायला हव्या होत्या, आणि तिचे दात एकमेकांवर आपटत होते. लिव्हर केसभर हलला. खाली गठ्ठ्याने मोठा झोका घेतला. त्याच्या खाली स्लॅबवर सहा माणसं सळया बांधत होती.

वॉकीटॉकीवर खालून इशारे देणाऱ्या सिग्नलवाल्याचा आवाज आला. साठीला टेकलेला माणूस, साइटवर सगळे त्याला मामा म्हणत. झोका कसला, त्याने विचारलं. वारा आहे, ती म्हणाली. वारा त्यालाही लागत होता. इतका नव्हता.

लघवीला जळजळ चार दिवसांपासून होती. परवा संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. बाईंनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली, त्यांतून उतरणाऱ्या दोन नळ्या, खाली पिशवीसारखं मूत्राशय आणि बाहेर पडायची वाट. बायकांची ही वाट मुळात आखूड, जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही, त्या म्हणाल्या. लघवी वाहती राहिली की ते धुऊन जातात. पण पाणी प्यायचं नाही आणि आलेली दाबून धरायची, म्हणजे त्यांना आयतं डबकं मिळतं. मग त्यांनी पेन्सिल नळीवरून उलटी, खालून वर नेली. थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखलं, की जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले असं समज. तिथून रक्तात उतरायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. लघवीच्या तपासणीची चिठ्ठी अजून तिच्या खिशातच होती. लॅब नऊला उघडायची, तिची शिफ्ट सातला सुरू व्हायची. गोळ्या मात्र ती न चुकता घेत होती, अर्ध्या घोटाबरोबर.

त्याहून जास्त पाणी परवडण्यासारखं नव्हतं. केबिनमधून खाली उतरायला दहा मिनिटं, परत चढायला पंधरा. दोनशे पुरुषांत संडास एक, त्याला आतून कडी नाही. तू उतरलीस की अख्खं काम खोळंबतं, असं मॅनेजर तिला सगळ्यांदेखत बोलला होता. तिच्या आधीचे ऑपरेटर वर रिकामी बाटली नेत. बाईमाणसाला तीही सोय नाही.

आता उजव्या बरगडीखाली कोणी पहार घातल्यासारखी कळ आली. ती पुढे वाकली. हात तिचे राहिले नव्हते, लिव्हरवर थडथडत होते.

"मामा," ती म्हणाली, "माणसं हलवा."

त्याने का म्हणून विचारलं नाही. शिट्टी फुंकली आणि फुंकतच राहिला. पाच जण पळाले. सहावा सुरक्षापट्ट्याने कठड्याला अडकलेला, त्याला कडी सुटेना. तेवढ्यात ऑफिसातून मॅनेजर वॉकीटॉकीवर आला. दारात काँक्रीटच्या दोन गाड्या उभ्या आहेत, काम का थांबलं, असं विचारू लागला.

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, कोपर मांडीवर रोवलं आणि गठ्ठा उतरवायला घेतला. एक मीटर. थांबली. हुडहुडी ओसरू दिली. अजून एक. शेवटी गठ्ठ्याचं एक टोक आधी टेकलं, सळया खणखणत घसरल्या आणि अडकलेल्या माणसाच्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबल्या. तो खाली बसला. बराच वेळ सळयांकडेच बघत राहिला.

पळालेल्यांपैकी एकाने परत येऊन हूक मोकळा केला तसा तिने तो वर घेतला. मग फिरण्याचा ब्रेक सोडला. काम थांबवताना तो सोडायचाच असतो, म्हणजे क्रेनचा आडवा हात केबिनसकट वाऱ्याबरोबर मोकळा फिरतो, वाऱ्याशी झुंजत नाही. एवढं तिने नीट केलं. त्यानंतर वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला नाही.

मामा चढायला लागला. तीनदा थांबला, गुडघे धरून. वर पोचून त्याने केबिनचं दार ओढलं तेव्हा ती खुर्चीखाली मुटकुळं करून पडली होती. ओठ निळसर झालेले. त्याने कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

"माणसं हलवली का, मामा?"

हलवली, तो म्हणाला. सगळे बाजूला आहेत. कोणाला लागलं नाही.

तिने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात, पहिल्यांदा विचारल्यासारखं. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने त्याला ओळखलं नाही.

शिडीवरून हिला नेता येणार नाही, त्याने खाली कळवलं. खालून कोणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला होता. दोर, झोळी, माणसं, तासभर तरी जाईल म्हणत होते. मामाने आपला सदरा काढून तिच्या अंगावर टाकला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

वॉकीटॉकी खरखरली. मॅनेजर होता.

"कोण म्हणतं तिला बरं नाही? मला इथून खिडकीतून दिसतेय की. चालू आहे क्रेन."

मामाने मान वर केली. काचेपलीकडे इमारती एकामागून एक सावकाश सरकत होत्या. लिव्हरवर कोणाचाच हात नव्हता.