पहिल्या बाकावरचा मोबाइल

प्राध्यापकांनी हातातला खडू फळ्याखालच्या पट्टीवर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

"पुन्हा मोबाइल?"

पहिल्या बाकावरच्या मुलीचे अंगठे काही थांबले नाहीत.

प्राध्यापकांना या सगळ्या प्रकाराचीच किळस आली होती. समोर सात पोरं आणि टेबलावरच्या लॅपटॉपवर ऑनलाइन पोरांचे एकेचाळीस काळे चौकोन. चौकोनांमागे कोण दात घासतंय आणि कोण घोरतंय, देव जाणे. वरून फर्मान आलं होतं, एकाच तासात दोघांनाही शिकवा. म्हणजे ना धड हे, ना धड ते. पहिल्याच दिवशी चॅटमध्ये पोरांचे मेसेज धडाधड येऊ लागले, तेव्हा त्यांनी एकही न वाचता चॅट बंद केलं. माइकही बंद केले. कटकट गेली.

पण ही मुलगी! चौकोनवाले निदान नजरेआड तरी होते. ही रोज नाकासमोर बसून तासभर मोबाइल बडवायची. पुराव्याचा कायदा शिकवताना त्यांचं अर्धं लक्ष तिच्या अंगठ्यांवरच जायचं. अंतर्गत गुणांची यादी आज संध्याकाळी जायची होती. हिच्या नावापुढे शून्य पडलं की परीक्षा नाही, वर्ष बुडालं.

"तुझ्यासारखी माणसं म्हणजे वर्गाला लागलेली कीड," ते फळ्यापासूनच ओरडले. "शून्य देतोय तुला. आण तो मोबाइल इकडे."

मुलीने घाईघाईने काहीतरी टाइप केलं आणि उठून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"सर, तुम्ही फळ्याकडे गेलात की ऑनलाइनवाल्यांना तुमचा आवाज जात नाही. मी त्यांना ग्रुपवर लिहून पाठवते."

"मग सांगायला काय धाड भरली होती?"

"पहिल्या दिवशी सगळे तेच तर सांगत होते. तुम्ही चॅट बंद केलंत. मी भेटायला आले, तर म्हणालात, आधी तो मोबाइल सुटू दे, मग बोल."

प्राध्यापक ग्रुपवरचे मेसेज वर सरकवत गेले. ऐकीव पुरावा, त्याचे अपवाद, मागच्या आठवड्यातला त्यांचा फुसका विनोदसुद्धा. एक वाक्य गाळलेलं नव्हतं. अगदी खाली, आत्ताच पाठवलेली ओळ होती, 'सर म्हणतात, तुझ्यासारखी माणसं म्हणजे वर्गाला लागलेली कीड. शून्य देतोय तुला.'

त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात हातातला मोबाइल थरथरला. पलीकडून कुणीतरी विचारलं होतं, 'कुणाला गं? आणि पुढे काय म्हणाले?'