भरलेला कप

रावेतच्या फ्लॅटमध्ये माझ्या मुलानं, रणजीतनं, खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मांडली आणि स्किमर आणला तो तिप्पट मापाचा. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर ओढून कपात जमा करणारं यंत्र ते. पण मासे दोनच, तेही इवलेसे. घाण ती किती होणार? कप कोरडाच राहायचा.

"मशीन मोठं झालं रे. आत जीव किती, ते बघून घ्यायचं असतं," मी म्हणालो.

"अण्णा, आमच्या चाकणच्या कंपनीत मशीन रिकामं पळालं की साहेब ओरडतो," रणजीत हसला. "रविवारपर्यंत कप भरला नाही, तर हे दोघं दुकानात परत. मोठे मासे आणू, मशीनला काम तरी मिळेल."

माझी सात वर्षांची नात उत्कर्षा काचेला नाक लावून ऐकत होती.

शनिवारी कप काळ्या फेसानं काठोकाठ भरला. "बघा अण्णा, आलं मशीन लोडवर!" रणजीत खूश झाला. मी टाकीत डोकावलो. पाणी दुधाळ झालं होतं. एक मासा तळाशी आडवा पडला होता, दुसरा वर येऊन धापा टाकत होता.

उत्कर्षा माझ्यामागे लपली. तिच्या हातात माशांच्या खाऊचा डबा होता, कालपर्यंत भरलेला, आता पार रिकामा.



"आजोबा, कप भरला ना? आता पप्पा यांना परत नाही ना देणार?"